क्रम पाळणारा, इंडेक्स देणारा सेट: पायथनमध्ये तो कसा बांधायचा

मराठी मजकुरावर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम लिहायला घ्या, स्पेलचेकर असो की भाषेच्या मॉडेलसाठी मजकुराचे तुकडे करून त्यांना क्रमांक देणारा टोकनायझर, एका यादीवाचून पुढे सरकता येत नाही. त्या यादीत प्रत्येक शब्द एकदाच हवा आणि आला त्या क्रमानं हवा. शब्द दिला की त्याचा क्रमांक मिळावा, क्रमांक दिला की शब्द मिळावा, आणि दोन्ही उत्तरं चटकन मिळावीत. एवढं सगळं करणारा तयार प्रकार पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत नाही.

सेट, म्हणजे प्रत्येक घटक एकदाच ठेवणारा पायथनचा प्रकार, वापरला तर क्रम जातो. त्यातही स्ट्रिंगचा हॅश, म्हणजे घटक आत कुठे ठेवायचा ते ठरवणारा आकडा, पायथन ३.३ पासून प्रोग्रॅमच्या प्रत्येक धावेत वेगळा येतो, त्यामुळे आज तिसरा आलेला शब्द उद्या नववा येऊ शकतो. काल साठवलेले क्रमांक आज निरुपयोगी. लिस्टमध्ये क्रम आणि इंडेक्स (म्हणजे घटकाचा क्रमांक) दोन्ही आहेत, पण ‘हा शब्द आधीच आहे का?’ असं विचारलं की ती पहिल्या घटकापासून शोधत सुटते. शब्द लाखांत गेले की प्रोग्रॅम बसतो.

तिसरा मार्ग डिक्शनरीचा, म्हणजे प्रत्येक ‘की’सोबत तिची ‘व्हॅल्यू’ ठेवणाऱ्या प्रकाराचा. फ्रॉमकीज ही मेथड वापरून शब्दांची डिक्शनरी केली की दुहेरी नोंदी जातात आणि क्रमही टिकतो. तुमची गरज तेवढीच असेल तर इथेच थांबा, ही एक ओळ पुरेशी आहे. नवा क्लास लिहायचा तो इंडेक्स हवा असेल तरच.

आता डिक्शनरी क्रम पाळते तर पाचवा घटक का देत नाही? याचं उत्तर तिच्या पोटात आहे, आणि पुढची सगळी बांधणी त्यावरच उभी राहते. पायथनच्या मुख्य डेव्हलपरांपैकी एक, रेमंड हेटिंगर यांनी डिसेंबर २०१२ मध्ये डिक्शनरीची नवी रचना मांडली. हॅश, की आणि व्हॅल्यू यांच्या नोंदी एका दाट अ‍ॅरेत एकापाठोपाठ ठेवायच्या, आणि हॅश टेबलमध्ये फक्त त्या अ‍ॅरेतला ओळ क्रमांक ठेवायचा. हेतू मेमरी वाचवण्याचा होता, क्रम टिकला तो ओघानं. आधी पायपाय या पायथनच्या पर्यायी अवतारानं ही कल्पना उचलली, २०१६ मध्ये ती सीपायथन ३.६ मध्ये, म्हणजे नेहमीच्या पायथनमध्ये, आली आणि २०१८ च्या ३.७ पासून क्रम हे भाषेचंच वचन झालं. म्हणजे डिक्शनरीच्या आत आपल्याला हवा तो अ‍ॅरे आहेच. पण एखादी की डिलीट केली की त्या अ‍ॅरेत भोक राहतं. मग पाचवी ओळ आणि पाचवा जिवंत घटक यांचा मेळ बसत नाही. शिवाय चौकटी कंसात ५ लिहिलं तर डिक्शनरी त्याला की समजते, आणि तेच बरोबर आहे.

क्रम आणि इंडेक्स असलेल्या सेटची अवघड बाजू ही भोकंच. जोडणं, शोधणं, वाचणं दहा मिनिटांत लिहून होतं. डिझाइनचा कस लागतो तो घटक काढताना.

पायरी पहिली: इंडेक्सचा अर्थ ठरवा

बँकेत टोकन घेतलं की त्यावर ४७ आकडा असतो, आणि रांगेत तुमच्यापुढे किती जण आहेत हा आकडा वेगळा. पुढचा माणूस उठून गेला तरी टोकन ४७ च राहतं, रांगेतली जागा मात्र एकानं पुढे सरकते. तुमचा इंडेक्स यांतला कोणता?

शब्दसंग्रहात तो टोकन असतो. ‘पाणी’ला ४७ क्रमांक दिला, तो फाइलमध्ये लिहिला, त्यावर मॉडेल शिकलं, आता मधला एखादा शब्द काढला म्हणून ‘पाणी’ ४६ होता कामा नये. याउलट गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये इंडेक्स म्हणजे जागा. तिसरं गाणं काढलं की चौथं तिसरं व्हायलाच हवं. दोन्ही अर्थ एकाच आकड्यात बसवायला गेलात तर कोड चालेल, पण सहा महिन्यांनी कुणाचा तरी क्रमांक चुकीच्या घटकाकडे बोट दाखवेल आणि एररही येणार नाही. म्हणून क्लासच्या वर्णनात पहिलं वाक्य हे लिहा: इंडेक्स टोकन आहे की जागा.

पायरी दुसरी: सांगाडा

आत दोनच गोष्टी ठेवायच्या. ‘यादी’ नावाची लिस्ट, क्रमांकावरून घटक देणारी. आणि ‘क्रमांक’ नावाची डिक्शनरी, घटकावरून क्रमांक देणारी. खालचे तुकडे मराठी स्यूडोकोडात, म्हणजे कोडसारख्या साध्या भाषेत आहेत. पायथनमध्ये ते जवळपास ओळीला ओळ उतरतात.

    जोड(श):
        श = नीट(श)
        न = लांबी(यादी)
        क = क्रमांक.सेटडिफॉल्ट(श, न)
        जर क == न:
            यादी.अपेंड(श)
        परत क

    आहे_का(श):
        परत नीट(श) हा क्रमांक मध्ये आहे का

    कितवा(श):
        परत क्रमांक[नीट(श)]

    घटक_दे(क):
        परत यादी[क]

‘नीट’ काय करतं ते पुढे येईल. सेटडिफॉल्टमुळे आधी विचारा आणि मग ठेवा असा दुहेरी हेलपाटा वाचतो: शब्द आधीच असला तर जुना क्रमांक परत येतो, नसला तर नवा बसतो. डिक्शनरी आधी आणि लिस्ट नंतर हा क्रमही मुद्दाम आहे. कुणी हॅश न होणारी वस्तू दिली, समजा एखादी लिस्टच, तर टाइपएरर डिक्शनरीच्याच ओळीवर येतो आणि ‘यादी’ला धक्का लागत नाही. उलट क्रमानं लिहिलंत तर यादीत एक अनाथ घटक मागे उरेल.

‘जोड’नं क्रमांक परत द्यावा असं माझं मत आहे. जावाच्या सेटमध्ये ही मेथड घटक नवा होता की नाही एवढंच सांगते, पायथनचा स्वतःचा सेट तर काहीच सांगत नाही. पण इथे क्रमांक हातात तयारच असतो, तो फेकून देऊन पुन्हा विचारायला लावण्यात अर्थ नाही.

याच टप्प्यावर एक तपासणी फंक्शन लिहून टाका. नियम असा: यादीतल्या प्रत्येक जागी जो घटक आहे त्याचा डिक्शनरीतला क्रमांक तीच जागा असला पाहिजे, आणि दोन्हींची लांबी सारखी असली पाहिजे. पुढे काढण्याचा कोड लिहिताना प्रत्येक बदलानंतर हे फंक्शन चालवायचं.

पायरी तिसरी: घटक काढणं

यासाठी चार मार्ग आहेत.

पहिला, सरकवणं. घटक काढा, त्याच्या मागचे सगळे एकेक जागा पुढे येतील, आणि त्या प्रत्येकाचा क्रमांक डिक्शनरीत दुरुस्त करा. लिस्टचं सरकणं फार महाग नाही, आत मेमरीचा एक सलग तुकडा हलतो एवढंच. खर्च होतो तो प्रत्येक मागच्या घटकासाठी डिक्शनरीत पुन्हा शिरण्यात. शेवटचा घटक काढला तर काम नगण्य, पहिला काढला तर सगळी यादी. इंडेक्स म्हणजे जागा असेल आणि घटक काही हजारांच्या आत असतील, तर हाच मार्ग घ्या. याहून हुशार काही करायची गरज बहुतेकांना पडत नाही.

दुसरा, अदलाबदल. शेवटचा घटक उचलायचा आणि भोकात बसवायचा.

    अदलून_काढ(श):
        क = क्रमांक.पॉप(नीट(श))
        शेवटचा = यादी.पॉप()
        जर क < लांबी(यादी):
            यादी[क] = शेवटचा
            क्रमांक[शेवटचा] = क

मधली अट गाळली तर शेवटचाच घटक काढताना गडबड होते: जी जागा आता नाहीच तिथे लिहायला जातो आणि इंडेक्सएरर येतो. या पद्धतीत यादी कितीही मोठी असो, काम तेवढंच, पण क्रम मोडतो. रस्टच्या इंडेक्समॅप या लायब्ररीनं यावर प्रामाणिक तोडगा काढला आहे. तिथे स्वॅप_रिमूव्ह आणि शिफ्ट_रिमूव्ह अशा दोन वेगळ्या मेथड आहेत, आणि नुसतं रिमूव्ह वापरू नका असा इशारा कंपायलर देतो. वापरणाऱ्यानं निवडायलाच हवं. तुम्हीही असंच करा. ‘काढ’ या गोड नावाखाली क्रम मोडण्याचं काम लपवू नका.

तिसरा मार्ग टोकनवाल्यांसाठी: भोक तसंच ठेवायचं. डिक्शनरीतून शब्द काढा आणि यादीत त्या जागी एक खूण ठेवा. खूण म्हणून नन (पायथनचं ‘काहीच नाही’ हे मूल्य) वापरू नका, कारण उद्या कुणी ननच सेटमध्ये घालेल. क्लासच्या आत एक रिकामी ऑब्जेक्ट बनवा आणि तुलना ओळखीवरून करा, म्हणजे ‘इज’नं. आता सेटची लांबी यादीची नव्हे तर डिक्शनरीची, यादीवर फिरताना खुणा वगळायच्या, आणि खुणेच्या क्रमांकावर घटक मागितला तर इंडेक्सएरर द्यायचा. पायरी दुसरीतला तपासणीचा नियमही खुणा सोडून लागू करायचा. काढलेला शब्द परत आला तर त्याला शेवटचा नवा क्रमांक मिळेल. जुना क्रमांक पुन्हा वापरात आणू नका, नाहीतर टोकनचा अर्थच संपला.

चौथा मार्ग तेव्हा लागतो जेव्हा इंडेक्स म्हणजे जागा आहे, घटक लाखांत आहेत आणि मधूनमधून सतत काढले जातात. भोकं तिसऱ्या मार्गासारखीच ठेवायची, पण सोबत एक फेनविक ट्री सांभाळायचा. पीटर फेनविक यांनी ही रचना १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. ती एक साधी अ‍ॅरेच आहे: प्रत्येक खाना स्वतःसकट मागच्या काही खान्यांची बेरीज धरून ठेवतो, आणि ते किती, तर त्याच्या क्रमांकाला पूर्ण भाग जाणाऱ्या दोनच्या सर्वांत मोठ्या घाताइतके. आपण बेरीज धरायची ती जिवंत घटकांची.

उदाहरण हातानं करून बघा, त्याशिवाय पटत नाही. आठ खाने, १ पासून मोजलेले, त्यांतला दुसरा आणि पाचवा मेलेला. जिवंत-मृत अशी ओळ लिहिली तर १, ०, १, १, ०, १, १, १. यावरचा ट्री: १, १, १, ३, ०, १, १, ६. चौथ्या खान्यातले ३ म्हणजे पहिल्या चारांत तीन जिवंत, आठव्यातले ६ म्हणजे एकूण सहा जिवंत. आता चौथा जिवंत घटक शोधू. जागा शून्य, गरज ४. आठची उडी मारावी का? तिथे ६ आहेत, गरजेहून कमी नाहीत, म्हणून नाही. चारची उडी? तिथे ३, गरजेहून कमी, म्हणून मारा: जागा ४, गरज १ उरली. दोनची उडी म्हणजे सहावा खाना, तिथे १, कमी नाही, म्हणून नाही. एकची उडी म्हणजे पाचवा खाना, तिथे ०, कमी आहे, मारा: जागा ५. उत्तर त्याच्या पुढचा, म्हणजे सहावा खाना. वरच्या ओळीत मोजून पाहा.

दहा लाख घटकांसाठी अशा उड्या वीसच लागतात. उलटा प्रश्न, म्हणजे घटकाची आजची जागा किती, हाही त्याच ट्रीतून सुटतो: डिक्शनरीतून खाना घ्यायचा आणि तिथपर्यंतच्या जिवंतांची बेरीज करायची. भोकं निम्म्याहून जास्त झाली की यादी आवळून ट्री नव्यानं बांधा. खाने आतल्या आत बदलतील, बाहेर दिसणारी जागा तीच राहील. टोकनच्या बाबतीत मात्र असं आवळणं कधीच चालणार नाही.

इथे एक फाटा सांगून ठेवतो. तुम्हाला आल्याचा क्रम नको, लहान-मोठेपणाचा क्रम हवा असेल, तर ही सगळी रचना चुकीची आहे. रेडिस या डेटाबेसचा सॉर्टेड सेट मोठा झाला की त्यासाठी विल्यम प्यू यांची स्किप लिस्ट (घटक ओलांडून पुढे नेणारे दुवे असलेली यादी) आणि सोबत हॅश टेबल वापरतो, आणि प्रत्येक दुव्यावर तो किती घटक ओलांडतो हेही लिहून ठेवतो, म्हणून त्याला क्रमांक सांगता येतो. पायथनमध्ये यासाठी सॉर्टेडकंटेनर्स ही लायब्ररी आहे, स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका.

पायरी चौथी: फुकट मिळणाऱ्या मेथड, आणि त्यांची किंमत

पायथनच्या कलेक्शन्स.एबीसी मॉड्यूलमधला म्युटेबलसेट हा अमूर्त क्लास वारशानं घेतला की तुम्ही पाचच मेथड लिहायच्या: आहे का, फिरणं, लांबी, जोडणं, टाकून देणं. संयोग, छेद, फरक, तुलना, पॉप, क्लिअर असं बाकीचं तो देतो. यातलं काही डोळे मिटून घेऊ नका.

पॉप बघा. तो यादीतला पहिला घटक घेतो आणि टाकून देतो. आपण सरकवण्याचा मार्ग घेतला असेल तर पहिला घटक काढणं हीच सर्वांत महाग क्रिया. आणि क्लिअर? तो सेट रिकामा होईपर्यंत पॉपच करत राहतो. म्हणजे रिकामं करायला घटकांच्या संख्येच्या वर्गाइतकं काम. दोन्ही स्वतः लिहा: पॉपनं शेवटचा घटक द्यावा, क्लिअरनं लिस्ट आणि डिक्शनरी थेट रिकामी करावी.

छेदाची गंमत वेगळी. अ आणि ब यांचा छेद काढताना हा क्लास ब वर फिरतो आणि त्यातले अ मध्ये असलेले घटक घेतो. त्यामुळे उत्तराचा क्रम ब चा येतो! संयोग आणि फरक यांत डाव्या बाजूचा क्रम राहतो, छेदात उजव्या. साध्या सेटला क्रमच नसल्यानं तिथे फरक पडत नाही, आपल्याला पडतो. छेद स्वतः लिहा, डाव्या बाजूवर फिरा. जागच्या जागी वजाबाकी करणारी मेथडही एकेक घटक टाकत जाते. त्याऐवजी एकदाच गाळून नवी यादी करा आणि डिक्शनरी पुन्हा भरा.

स्लाइस, म्हणजे सेटचा सलग तुकडा, मागितला तर त्याच क्लासचा नवा सेट द्या. एखाद्या क्रमांकावर नवा घटक लिहिण्याची सोय देऊच नका, कारण तोच घटक दुसऱ्या जागी आधीच असेल तर काय करायचं याला पटण्यासारखं उत्तर नाही. घटकावरून काढणं आणि क्रमांकावरून काढणं यांची नावं पूर्ण वेगळी ठेवा. सेटमध्ये आकडेच असले की ‘३ काढ’ म्हणजे नेमकं काय, हा गोंधळ जावाच्या लिस्टमध्ये अनेकांनी भोगला आहे.

पायरी पाचवी: समान कशाला म्हणायचं

दोन सेटांत तेच घटक, पण क्रम वेगळा. समान का? मोहाचं उत्तर असं: आपल्यासारखाच सेट समोर असेल तर क्रम बघू, साधा सेट असेल तर नको. तसं करून पाहा. अ मध्ये १, २. क मध्ये २, १. ब हा साधा सेट, त्यात दोन्ही. अ आणि ब समान, ब आणि क समान, पण अ आणि क असमान. समानतेचा धागाच तुटला. पायथनची स्वतःची क्रम पाळणारी डिक्शनरी, ऑर्डर्डडिक्ट, अशीच वागते, तेव्हा हे अगदी निषिद्ध नाही. पण मला जावाच्या लिंक्डहॅशसेटची वाट बरी वाटते: समानता ठरवताना क्रम पाहायचा नाही. म्युटेबलसेट हेच करतो, तेव्हा काही लिहायचीच गरज नाही. क्रमासकट तुलनेसाठी ‘क्रमानेही_समान’ अशी वेगळी मेथड द्या.

घटकांच्या समानतेकडे आता या. पायथनला १, १.० आणि ट्रू हे तिन्ही एकच वाटतात, जो आधी आला तो यादीत राहतो. मराठी मजकुरात याहून मोठा खड्डा आहे आणि ‘नीट’ हे फंक्शन त्यासाठीच ठेवलं आहे. ‘दुसऱ्या’ मधला ऱ युनिकोडमध्ये एकाच चिन्हानं लिहिता येतो, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. तिसरी रीत म्हणजे र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, सेटमध्ये तीन वेगळे शब्द बसतात.

पहिल्या दोन रीती युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशननं, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या रूपांना एक रूप देण्याच्या नियमानं, एक होतात. तिसरी होत नाही, कारण नॉर्मलायझेशन जोडकाला हात लावत नाही. मग जोडक सरसकट पुसून टाकावा का? नको, तसं केलं तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होईल, डोंगरातल्या दऱ्या थेट समुद्रात. योग्य क्रम असा: आधी र, हलन्त, जोडक या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवा, मग एनएफसी लावा. आणि ‘नीट’ फक्त ‘जोड’मध्ये नव्हे, तर शोधणं, क्रमांक विचारणं, काढणं या प्रत्येक दारावर बसवा. पायथन व्हेरिएबलच्या नावांचं असं नॉर्मलायझेशन स्वतः करतो, तुमच्या स्ट्रिंगना मात्र हात लावत नाही.

पायरी सहावी: तपासणी

फिरता फिरता घटकांची संख्या बदलली तर डिक्शनरी रनटाइमएरर देते, लिस्ट मात्र घटक काढल्यास गुपचूप पुढचा गाळते. आपण फिरतो लिस्टवर, म्हणून एक बदल-मोजणी ठेवा, ती फिरताना बदलली तर स्वतःच एरर द्या.

खरी परीक्षा यादृच्छिक चाचणीनं होते. शेजारी एक मंद पण उघड बरोबर नमुना ठेवा: नुसती लिस्ट, जोडताना आधी शोधणारी, काढताना सरळ काढणारी. मग ठरावीक सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) देऊन हजारो क्रिया दोन्हींवर चालवा, प्रत्येक क्रियेनंतर घटक, क्रम आणि लांबी ताडून पाहा आणि वरचं तपासणी फंक्शन चालवा. घटक ० ते २० एवढ्याच आकड्यांतून निवडा. मोठ्या पल्ल्यातून निवडलेत तर एकच घटक दुसऱ्यांदा क्वचितच येईल, आणि जोडून-काढून-परत-जोडण्यात दडलेले दोष सापडणार नाहीत. अदलाबदलीच्या मार्गासाठी नमुन्यातही अदलाबदलच लिहा, आणि एकच घटक उरलेल्या सेटमधून तो काढून पाहायची चाचणी हातानं वेगळी लिहा.